शरणपुरातून वतनाकडे : जेकब वेनराईट यांचे जीवन

नाशिक शहरातील शरणपूर रोड हा आज वर्दळीचा रस्ता आहे. दुकाने, दवाखाने, बँका आणि रिक्षा यांच्या गर्दीत त्या नावाचा अर्थ क्वचितच कोणाच्या लक्षात येतो. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राईस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नाशिकच्या वेशीबाहेर एक ख्रिस्ती वसाहत उभारली. तिला शरणपूर हे नाव मिळाले, ते पवित्र शास्त्रातून आलेले आहे. गणना या पुस्तकाच्या पस्तिसाव्या आणि यहोशवाच्या विसाव्या अध्यायात ज्या सहा शरणपुरांचा उल्लेख आहे, त्यांची आठवण करून देणारे हे नाव.

शरणपुरांच्या नियमातील एक गोष्ट आपण सहसा वाचून पुढे जातो. चुकून हातून मनुष्यवध झालेल्याने सूड घेणाऱ्यापासून पळून त्या नगरात आश्रय घ्यावा, एवढे आपल्या स्मरणात राहते. परंतु तो नियम तेथे संपत नाही. प्रमुख याजकाचा मृत्यू झाल्यावर त्या माणसाने आपल्या वतनाच्या भूमीकडे परत जावे, असेही तेथे सांगितले आहे. आश्रय हा वाटेतला मुक्काम आहे. प्रवासाचा शेवट वतनात व्हावयाचा आहे. नाशिकच्या शरणपुरात वाढलेल्या जेकब वेनराईट या आफ्रिकी ख्रिस्ती पुरुषाचे चरित्र या नियमाच्या प्रकाशात वाचले, म्हणजे त्यातील वैभव आणि वेदना ही दोन्ही उमगतात.

समुद्रातून सुटका

जेकब यांचा जन्म पूर्व आफ्रिकेतील याओ जमातीत झाला. न्यासा सरोवराच्या आसपासचा हा प्रदेश त्या काळी गुलामांच्या व्यापाराने पोखरून निघाला होता. गावे जाळली जात, स्त्रीपुरुषांना व मुलांना मानेत जोखड घालून किनाऱ्यापर्यंत चालवत नेले जाई आणि तेथून गलबतांत कोंबून झांझिबार, अरबस्तान व इराणच्या आखाताकडे पाठवले जाई. बालवयातच जेकब या संकटात सापडला. इंग्रजांच्या गस्ती जहाजाने त्याची सुटका केली आणि तो मुंबईच्या बंदरात उतरला.

मराठी वाचकाला ही कथा दूर देशाची वाटू नये. १७६१ मध्ये पानिपतच्या रणांगणात, ज्या भूमीवर आज काला अंब हे स्मारक उभे आहे, तेथील पराभवानंतर हजारो मराठी स्त्रिया व मुले बंदी होऊन गुलाम म्हणून उत्तरेकडे नेली गेली. त्यांतील बहुतेकांना पुन्हा घर दिसले नाही. माणसाला त्याच्या मातीपासून आणि भाषेपासून तोडून विकणे म्हणजे काय, हे आपल्याही इतिहासाला ठाऊक आहे.

मुंबईत उतरवलेल्या या आफ्रिकी मुलांचे काय करावे, हा सरकारपुढे प्रश्न होता. त्यांना घरी परत पाठवले तर वाटेतच पुन्हा पकडले जाण्याचे भय होते. म्हणून त्यांतील अनेकांना मिशनच्या हवाली करण्यात आले आणि शरणपुरात आफ्रिकी आश्रम उभा राहिला. तेथे मुलांना लिहावाचावयास शिकवले जाई आणि सुतारकी, लोहारकी यांसारखे हातचे उद्योगही दिले जात. गोदावरीच्या काठी याओ, मकुआ अशा वेगवेगळ्या जमातींची मुले एका बाकावर बसू लागली. त्यांच्या मातृभाषा एक नव्हत्या. त्यामुळे परस्परांशी बोलण्यासही त्यांना आपल्या इकडच्या भाषांचा आधार घ्यावा लागे. नवा देश, नवी भाषा, नवा विश्वास आणि बाप्तिस्म्याचे नवे नाव अशा रीतीने जेकब वेनराईट घडले.

या आश्रमातील शिक्षणाची फळे लवकरच दिसू लागली. १८६४ मध्ये विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर व जॉर्ज डेव्हिड हे येथे वाढलेले तरुण मोंबासाजवळील रबाई येथे मिशनच्या सेवेसाठी गेले. पुढील वर्षी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आले असता त्यांनी आपल्या शेवटच्या शोधयात्रेसाठी नाशिकच्या आश्रमातून काही तरुण निवडून नेले. पूर्व आफ्रिकेत या सर्वांना 'नाशिकची मुले' किंवा 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणून ओळखले जाऊ लागले.

चितांबोच्या गावी

१८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन यांची अनेक महिने वार्ता नव्हती. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांच्या शोधार्थ एक तुकडी पाठवण्याचे ठरवले आणि तिच्यासाठी पुन्हा नाशिककडे मागणी आली. जेकब वेनराईट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फॅरार आणि त्यांचे सोबती निघाले. किनाऱ्यावर पोहोचल्यावर कळले की हेन्री स्टॅन्ली लिव्हिंग्स्टन यांना भेटून परतले आहेत. ती तुकडी बरखास्त झाली. परंतु स्टॅन्ली यांनी लिव्हिंग्स्टन यांच्यासाठी जी माणसे आत पाठवली, त्यांत नाशिकचे हे तरुण गेले. ऑगस्ट १८७२ मध्ये ते त्यांच्याजवळ पोहोचले आणि त्याच महिन्यात बांगवेउलू सरोवराच्या दिशेने कूच झाले.

पाऊस, दलदल आणि अतिसार यांनी वृद्ध प्रवाशाचे शरीर थकले होते. १ मे १८७३ च्या पहाटे चितांबो या मुखियाच्या गावात, खाटेशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत, लिव्हिंग्स्टन मरण पावलेले आढळले. यानंतर त्यांच्या सेवकांनी जे केले, ते ख्रिस्ती सेवेच्या इतिहासात अविस्मरणीय ठरले. मृतदेह तेथेच पुरून घरी परतणे सोपे होते. प्रेत घेऊन चालणाऱ्यांना त्या मुलुखात शत्रू समजले जाई. तरीही सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली सर्वांनी मिळून निश्चय केला की या माणसाला त्याच्या लोकांकडे पोहोचवावयाचे.

फारिजाला व कारस फॅरार यांनी देहाचे आतील अवयव काढले. एका मोठ्या वृक्षाखाली हृदय व आतडी पुरण्यात आली. त्या वेळी जेकब यांनी प्रार्थनापुस्तकातून दफनविधी वाचला. जवळपास कोणी पाळक नव्हता, चर्च नव्हते, घंटा नव्हती. ज्याला गलबताच्या तळातून काढून नाशिकच्या बाकावर बसवले होते, त्याच्याच मुखातून पुनरुत्थानाच्या आशेची वचने मध्य आफ्रिकेच्या त्या रानात ऐकू आली. जेकब यांनी त्या वृक्षाच्या सालीवर लिव्हिंग्स्टन यांचे नाव व दिनांक कोरला आणि त्यांच्या सामानाची यादीही लिहून ठेवली.

देह मीठ लावून उन्हात सुकवला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला आणि प्रवास सुरू झाला. हजाराहून अधिक मैलांची ही वाट चालण्यास सुमारे नऊ महिने लागले. आजाराने अनेकांना गाठले, काही वाटेतच मरण पावले. ताबोरा येथे लेफ्टनंट कॅमेरॉन हे इंग्रज अधिकारी भेटले. त्यांनी देह तेथेच पुरावा असा आग्रह धरला. सेवकांनी तो नम्रपणे नाकारला. पुढे प्रेत नेण्यास विरोध होईल असे दिसताच त्यांनी ते परत पाठवल्याचा देखावा केला आणि कापडाच्या गठ्ठ्याचे रूप देऊन ते पुढे नेले. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले. तेथे बहुतेकांच्या हाती मजुरी देण्यात आली आणि त्यांना निरोप मिळाला.

वेस्टमिन्स्टर ॲबी

चर्च मिशनरी सोसायटीने भाडे भरल्यामुळे जेकब मात्र देहाबरोबर इंग्लंडला गेले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टन यांचे दफन झाले. शवपेटीबरोबर चालण्याचा मान ज्यांना मिळाला, त्यांत स्टॅन्ली, कर्क यांसारख्या नामांकितांच्या जोडीने जेकब वेनराईट होते. सुसी आणि चुमा यांना इंग्लंडला आणण्यात आले, ते दफन उरकल्यानंतर. त्या सर्व सोबत्यांसाठी रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने पदके पाडली. परंतु ती आफ्रिकेत पोहोचली तोवर पुष्कळ माणसे पांगली होती.

इंग्लंडमधील सभांतून जेकब यांनी आपली हकीगत सांगितली. लोकांनी कौतुकाने ऐकले. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी त्याच वर्षी जर्मन भाषांतराच्या रूपाने छापली गेली. तिचे मूळ इंग्रजी हस्तलिखित मात्र जगापुढे यावयास २०१९ हे वर्ष उजाडावे लागले. एका आफ्रिकी सेवकाचे शब्द त्याच्याच भाषेत वाचण्याची निकड कोणास वाटण्यास १४५ वर्षे लागली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

फ्रिअर टाउन

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या शिष्टाईमुळे १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाशी करार होऊन गुलामांचे बाजार बंद झाले. सुटका झालेल्यांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसाहत हवी, हा विचार पुढे आला, तेव्हा शरणपुराचा अनुभव असलेल्या प्राईससाहेबांना पाचारण झाले. १८७४ च्या अखेरीस ते मोंबासास आले; त्यांच्याबरोबर जेकबही होते. बेटासमोरील जमीन विकत घेऊन १८७५ मध्ये फ्रिअर टाउन वसले. नाशिकचे आफ्रिकी ख्रिस्ती तेथे शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे म्हणून आले. लवकरच जहाजांनी सोडवून आणलेली शेकडो माणसे त्यांच्या देखरेखीखाली राहू लागली. जेकब तेथे शिक्षक झाले.

कागदावर हा परतीचा प्रवास होता. प्रत्यक्षात किनाऱ्यावरची स्वाहिली भाषा नाशिककरांना नव्याने शिकावी लागली. किनाऱ्यावरील लोकांना ते परके वाटत, कारण त्यांचा पोशाख, रीतिरिवाज आणि शिक्षण वेगळे होते. युरोपीय मिशनऱ्यांना ते आपल्या बरोबरीचे वाटत नसत. पगार, घर आणि अधिकार यांबाबत त्यांनी तक्रार केली की त्यांना गर्विष्ठ ठरवले जाई. जमिनीचे कागद मिशनच्या नावावर होते, काम मिशनचे होते आणि शिस्तही मिशनचीच होती. १८८० च्या सुमारास तेथील व्यवस्थापकाने रहिवाशांना फटके मारल्याचा बोभाटा झाला, तेव्हा चौकशीसाठी प्राईससाहेबांनाच पुन्हा मोंबासास धाडावे लागले. बेड्या तुटल्या होत्या, पण चाबूक पुरता खाली ठेवला गेला नव्हता.

त्याच सोसायटीचे दुसरे गाव

याच वर्षांत याच चर्च मिशनरी सोसायटीचे आणखी एक ख्रिस्ती गाव जगाच्या दुसऱ्या टोकाला भरभराटत होते. कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील त्सिमशियन लोकांमध्ये विल्यम डंकन हे यॉर्कशायरचे, पूर्वी कातडीच्या व्यवसायात काम केलेले मिशनरी १८५७ मध्ये गेले. क्लाह नावाच्या त्सिमशियन माणसाकडून त्यांनी ती भाषा शिकली आणि काही महिन्यांतच तिच्यातून उपदेश करू लागले. १८६२ मध्ये सुमारे पन्नास जणांसह त्यांनी मेटलाकाटला हे गाव वसवले. त्याच वर्षी देवीच्या साथीने मागे राहिलेल्या वस्तीत शेकडो माणसे दगावली. नव्या गावात मात्र फारच थोडे मृत्यू झाले. त्यामुळे गावाकडे ओघ लागला.

दोन्ही वसाहतींचे नियम पाहिले तर त्या सख्ख्या बहिणी वाटतात. शब्बाथ पाळणे, मुलांना शाळेत पाठवणे, दारू सोडणे, स्वच्छ घर बांधणे, उद्योगी असणे. परंतु या नियमांखाली राहणाऱ्या माणसांची आर्थिक व सामाजिक स्थिती अगदी निराळी होती.

त्सिमशियन लोक आपल्याच भूमीवर होते. त्यांच्या नद्यांत सामन मासा होता, नास नदीवर मिळणाऱ्या माशाच्या तेलाचा त्यांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता, देवदार लाकडाची भव्य घरे बांधण्याचे कौशल्य त्यांच्या हाती होते. त्यांची कुळे, मुखिये, मानपान सारे शाबूत होते. पॉटलॅच या समारंभात संपत्ती वाटून प्रतिष्ठा मिळवण्याची त्यांची चाल होती. डंकन यांनी ती बंद करावयास लावली, म्हणजे सोडण्याजोगे त्यांच्याजवळ काहीतरी होते. गावात लाकूड कापण्याची गिरणी, साबणाचा कारखाना, दुकान आणि मालवाहू गलबत आले. प्रौढ पुरुष गावपट्टी म्हणून एक घोंगडी किंवा अडीच डॉलर देत. १८७४ मध्ये, म्हणजे जेकब वेस्टमिन्स्टरमध्ये उभे होते त्याच वर्षी, त्सिमशियन लोकांनी सुमारे बाराशे माणसे बसतील असे चर्च स्वतःच्या हातांनी उभारले.

शरणपूर आणि फ्रिअर टाउन येथील आफ्रिकी लोकांजवळ यांतले काहीच नव्हते. जमीन गेली, कुळ गेले, आईबापांची भाषा अर्धवट विसरली गेली. त्यांच्या हाती आले ते शिक्षण, एखादे हत्यार चालवण्याचे कसब आणि प्रभूवरील विश्वास. त्सिमशियन माणूस मिशनमध्ये आला तो आपल्या घरातून. आफ्रिकी माणूस आला तो गलबताच्या तळातून. म्हणून एकाने मिशनशी करार केला आणि दुसऱ्याच्या वाट्याला उपकाराचे ओझे आले.

हा फरक कसोटीच्या वेळी स्पष्ट झाला. डंकन प्रभुभोजनाचा विधी सुरू करावयास तयार नव्हते. बिशप रिडली यांच्याशी त्यांचा तीव्र वाद झाला आणि सोसायटीशी संबंध तुटले. त्यातच सरकारने सांगितले की ही जमीन त्सिमशियन लोकांची नव्हे, राणीची आहे. तेव्हा १८८७ मध्ये आठशेहून अधिक लोक आपली होती नव्हती ती मालमत्ता घेऊन अलास्कातील ॲनेट बेटावर गेले. १८९१ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने ते बेट त्यांच्यासाठी राखून ठेवले. आजही अलास्कातील आदिवासींची ती एकमेव राखीव भूमी आहे. गाव सोडून जाण्याची ताकद त्यांच्यात होती, कारण ते एक समाज म्हणून उभे होते. दोष तेथेही होते; डंकन यांनी १९१८ मध्ये मरेपर्यंत गावाच्या किल्ल्या स्वतःच्या हाती ठेवल्या आणि पुढील शिक्षण मागणाऱ्या तरुणांना तो हात जड वाटला. तथापि वाद झाला तो वतनदारांचा वाद होता.

फ्रिअर टाउनमध्ये मात्र दुखावलेला माणूस एकेकटा निघून जाई. जेकब वेनराईट हे त्यांपैकी एक.

उरांबो

थोड्याच वर्षांत जेकब यांनी फ्रिअर टाउन सोडले. वेस्टमिन्स्टर ॲबीत ज्यांच्याकडे सारे लंडन पाहत होते, ते आता पोटासाठी आफ्रिकेच्या अंतर्भागात काम शोधत गेले. अखेर पश्चिम टांझानियातील उरांबो येथे लंडन मिशनरी सोसायटीच्या ठाण्याजवळ त्यांचे शेवटचे दिवस गेले आणि १८९२ मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला. ज्यांनी दुसऱ्याला त्याच्या पितरांच्या भूमीत पोहोचवले, त्यांच्या स्वतःच्या वाट्याला परतीचे वतन आले नाही.

त्यांच्या सोबत्यांची सेवा मात्र फळास आली. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप मारले गेले, तेव्हा जोन्स यांनीच उरलेला काफिला सुखरूप रबाईस आणला. पळून आलेल्या गुलामांना रबाई व आसपासच्या मिशन ठाण्यांवर आसरा मिळत राहिला आणि १८८९ च्या आरंभी सुमारे चौदाशे जणांना भरपाई देऊन कायमचे मुक्त करण्यात आले. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासात १९३५ पर्यंत जगले. फ्रिअर टाउनची जुनी घंटा ज्या ठिकाणी आहे, त्या चौकाला आजही केंगेलेनी, म्हणजे घंटेजवळची जागा, असे म्हणतात. पूर्व आफ्रिकेतील मंडळीच्या पायात नाशिकच्या विटा आहेत.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला हे चरित्र विशेष जवळचे आहे. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा मिशन कंपाउंडात वाढले. दुष्काळात, अस्पृश्यतेच्या जाचात, घरातून बहिष्कृत झाल्यावर त्यांना तेथे निवारा मिळाला. त्या निवाऱ्याबद्दल कृतज्ञता हे आपले कर्तव्यच आहे. प्राईससाहेबांनी त्या मुलांना आपले म्हटले नसते, तर जेकब हे नावही आपल्याला कळले नसते.

पण शरणपुराच्या भिंतीआड पिढ्यान्‌पिढ्या राहावे, असे शास्त्रात नाही. पौलाने गलतीकरांस लिहिताना सांगितले की ख्रिस्तात आपण यापुढे दास नसून पुत्र आहो, आणि पुत्र असल्यामुळे वारीस आहो. आश्रय देणारी मंडळी ही दयाळू मंडळी होय. पण आश्रितांना भाऊ मानून निर्णयात, पगारात, मालकीत आणि व्यासपीठावर जागा देणारी मंडळी हीच सुवार्तेस पुरी उतरते. त्सिमशियन लोकांना भूमी होती म्हणून ते ताठ उभे राहिले. आफ्रिकी बंधूंना भूमी नव्हती; ती उणीव मंडळीने भरून काढावयाची होती आणि तेथे ती कमी पडली.

आज आपल्या दाराशीही असे लोक येतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले, गाव सोडून शहरात आलेली कुटुंबे, विश्वासामुळे नातलगांना मुकलेले नवे ख्रिस्ती. आपण त्यांना जेवण देतो, वसतिगृहात घेतो, त्यांचे फोटो अहवालात छापतो. त्यांना आपण वतन देतो का? प्रत्येक मंडळीच्या पंचकमिटीने स्वतःला विचारावा असा हा प्रश्न आहे.

इब्री लोकांस पत्र आपल्याला सांगते की आपला महान प्रमुख याजक एकदाच मरण पावला आहे. जुन्या नियमाप्रमाणे त्या मृत्यूनंतर शरणपुराचे दार बाहेरच्या बाजूस, वतनाच्या दिशेने उघडते. जेकब वेनराईट यांनी चितांबोच्या गावी त्याच याजकावरील भरवशाने दफनविधी वाचला होता. मनुष्यांनी त्यांना जे दिले नाही, ते त्यांच्यासाठी राखून ठेवलेले आहे. परंतु आपल्याजवळच्या जेकबांना तोवर थांबावयास लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.